तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हायव्हलसाठी कुठलं पुस्तक घेऊ?

ट्रेकला भेटलेली पोरं विचारतात, नोकरी सोडून गावाकडे दोन एकर घेतलेले विचारतात, आणि लॉकडाऊननंतर तर सोसायटीतले काका-काकूही विचारायला लागले, की तुझ्याकडे एवढी पुस्तकं आहेत ना, मग एक सांग, उद्या सगळं बंद पडलं, लाइट नाही पाणी नाही दुकान नाही, तर उपयोगी पडेल असं एकच. प्रत्येकाला तोंडी सांगून दमले म्हणून आता लिहूनच टाकते. आणि एकच सांगणार नाहीये, ते आधीच सांगते.

कारण मी उलटा प्रश्न विचारते, की कुठे अडकणार आहात? लोकांना हा प्रश्न आवडत नाही. त्यांना वाटतं सर्व्हायव्हल म्हणजे सर्व्हायव्हल, जंगल ते जंगल. पण यातलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी कुठल्या तरी एका जागी बसून, तिथला पाऊस, तिथली झाडं, तिथले साप डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं, आणि ती जागा सह्याद्री असण्याचा चान्स फार कमी.

सगळ्यात जास्त नाव निघतं ते जॉन वाइजमन यांच्या 'एसएएस सर्व्हायव्हल हँडबुक'चं. १९८६ चं पुस्तक, लेखक ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या खास कमांडो तुकडीतला, आणि चांगलंच आहे ते. गाठी, निवारा, दिशा ओळखणं, घाबरून न जाता आधी काय करायचं, हे सगळं कुठेही चालतं. पण खायच्या वनस्पतींचं प्रकरण आलं की मी म्हणते ती पानं स्टेपल करून टाका. हे त्याच एका पुस्तकाबद्दल नाही, परदेशातून आलेल्या सगळ्याच पुस्तकांबद्दल म्हणतेय. चित्र बघून रानातलं काही तोंडात घालायचं नसतं. आपल्याकडे पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल-पिवळी, इतकी देखणी की लोक फोटो काढत बसतात, तिचा कंद खाल्ला तर माणूस जातो. आणि जे खायचं असतं तेही नुसतं ओळखून भागत नाही. ठाणे-रायगडकडे पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते बाजारात, तिच्या शेजारी काकडं नावाची आंबट रानफळं ठेवलेली असतात, का, तर काकडांचा आंबटपणा घातल्याशिवाय शेवळं घशाला अशी खाजतात की परत नाव काढणार नाही. हे विकणारी ठाकर किंवा कातकरी बाई दोन मिनिटांत सांगते, वर निवडायचं कसं तेही दाखवते. तिच्याकडून चार पावसाळे भाज्या घेतल्यात तर एक अख्खं पुस्तक वाचल्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट बघायची ती आवृत्तीचं साल, आणि ती मुख्यतः औषधपाण्याच्या प्रकरणांसाठी. जुन्या पुस्तकांत साप चावला की काप घ्या, चोखा, वर आवळून बांधा असं बिनधास्त छापलेलं असतं, फुटपाथवर पन्नास रुपयांना मिळतात ही पुस्तकं, आणि लोक हौसेने घेतात. आज यातलं काहीच करायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही असो, हातपाय फळी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिसर्पविष असलेलं हॉस्पिटल गाठायचं, बस.

आता माझं खरं उत्तर. एकच घ्यायचं असा हट्टच असेल तर डेव्हिड वर्नर यांचं 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर'. मेक्सिकोच्या सिएरा माद्रेतल्या डोंगरी खेड्यांत हा माणूस राहिला, तिथल्या लोकांसाठी आधी स्पॅनिशमध्ये लिहिलं, मग १९७७ मध्ये इंग्रजीत आलं, हिंदीतही आहे. म्हणाल की हेही परक्याच जागेचं झालं की, हो, पण ज्या खेड्यात डॉक्टर नाही, दवाखाना डोंगरापलीकडे आहे आणि खिशात पैसे नाहीत ते खेडं मेक्सिकोतलं काय आणि अक्कलकुव्यातलं काय, जुलाब दोन्हीकडे सारखेच लागतात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं त्याने चाकू, चकमक, पॅराकॉर्ड असलं सगळं ऑनलाइन मागवलेल्या माणसापेक्षा जास्त तयारी केलेली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि या पुस्तकात सारखं येत राहतं की इथपर्यंत तुम्ही करा, याच्यापुढे गेलं तर मदत आणा. बाकीची पुस्तकं हे 'याच्यापुढे' सांगतच नाहीत, त्यातला हिरो सगळं एकटाच करतो.

त्याच्याच जोडीला मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' देते, आणि लोक माझ्याकडे विचित्र बघतात, की हे तर आत्मचरित्र आहे. असू दे ना. महाडकडे लाल विंचू चावून धडधाकट पोरं मरत होती, आणि गावातल्या साध्या सरकारी दवाखान्यात बसून या माणसाने रात्र रात्र पेशंटजवळ काढून त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध चालतं हे दाखवून दिलं. कोकणात उन्हाळ्यात दगड उचलणाऱ्याने हे वाचलेलं असावं, विंचू चावला तर कशाची वाट बघायची नाही ते कळतं.

गोष्टीच्या पुस्तकांत आपण मराठीवाले नशीबवान, कारण रवींद्र गुर्जरांनी दोन मोठी पुस्तकं केव्हाच मराठीत आणून ठेवलीत. 'पॅपिलॉन', म्हणजे तुरुंगातून पळालेल्या फ्रेंच कैद्याने स्वतः सांगितलेली गोष्ट, सगळ्यांनी वाचलंय, सुट्टीत रात्रभर जागून वाचायला झकास, फक्त त्यातलं किती त्याच्यावर घडलं आणि किती इतर कैद्यांचं उचललं यावर खूप वाद आहेत, त्यामुळे त्यातून पळून जायचे धडे घेऊ नका. 'सत्तर दिवस' मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचा. १३ ऑक्टोबर १९७२, उरुग्वेची रग्बी टीम, अँडीजमध्ये विमान कोसळलं, ४५ जणांतले १६ परत आले. लोकांना त्यातलं एकच लक्षात राहतं, त्यांनी काय खाल्लं ते. मी म्हणते ते सोडा, पाणी कसं केलं ते बघा. आजूबाजूला बर्फच बर्फ आणि प्यायला थेंब नाही, तर सीटमधले ॲल्युमिनियमचे पत्रे काढून वाकवले, उन्हात ठेवले आणि थेंब थेंब बाटलीत उतरवले, हे एकाचं काम ठरलेलं, जखमींकडे बघणं दुसऱ्याचं, शिवण तिसऱ्याचं. रेडिओवर शोध थांबवल्याची बातमी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली, तरी हे सगळं चालू ठेवलं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे को-पायलट मरताना जे बोलला त्यावरून त्यांना वाटत होतं आपण चिलीच्या जवळ आहोत, म्हणून ते पश्चिमेला सगळ्यात अवघड डोंगर चढून गेले, खरं तर होते अर्जेंटिनात आणि पूर्वेला खूप कमी अंतरावर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. आपण कुठे आहोत हेच चुकलं की पुढची सगळी हिंमत कुठल्या दिशेने खर्च होते बघा.

गावाकडे जमीन घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना थोरो हवा असतो, तळ्याकाठी स्वतः घर बांधून एकटा राहिलेला तो अमेरिकन लेखक. दुर्गाबाई भागवतांनी केलेला 'वॉल्डनकाठी विचारविहार' वाचा, मजा येते, पण जमाखर्चाची पानं गाळू नका. घराला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, शेतीत ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट सुटले, सगळं लिहिलंय बाबाने. आणि जमीन मित्राची होती, आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, हेही लक्षात असू द्या. मग न नांगरता शेती करणाऱ्या जपानी फुकुओकांचं 'एका काडातून क्रांती'. वाचून लोक थेट नांगर विकायला निघतात! अहो, शिकोकू बेटावर बाराही महिने कमीजास्त पाऊस असतो, आपल्याकडे आठ महिने आभाळ कोरडं. आणि बापाच्या संत्र्याच्या बागेत सुरुवातीला काहीच न करता झाडं सोडून दिली तेव्हा ती मेली, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, ते पान कुणी मला वाचून दाखवत नाही. त्यापेक्षा श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' घ्या. गणिताचा माणूस, त्यामुळे ऊन किती, पान किती, त्यातून अन्न किती असा हिशोब मांडतो, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब, गच्चीवर पोत्यात भाजी, असली आपल्या मातीतली उदाहरणं. वाचायला जरा जड जातं, पण रेटा.

राहिला पुराचा प्रश्न. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे २२ जुलै २०२१ नंतर हा प्रश्न मला इतक्या वेळा आला, आणि याला माझ्याकडे पुस्तक नाही. तिथली वाशिष्ठी नदी कशी चढते ते कुणी छापलेलं मी तरी बघितलं नाही. मावशीच्या घरी भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण आहे, त्याच्या बरीच वर २०२१ ची, आणि ती विचारणाऱ्याला म्हणते, "अगं, आधी वरच्या माळ्यावर गॅस, काडेपेटी, गोळ्या आणि कागद ठेव, मग वाच काय वाचायचं ते." तुमच्या नदीकाठी अशी कुणी मावशी असेल, तिला विचारा आणि वहीत लिहून घ्या.

आणि हो, पुढचा प्रश्न नेहमी 'वाचायला देतेस का' हाच असतो. 'सत्तर दिवस' देते, महिन्याने फोन करून परत मागते. दाभोळकर घरी येऊन वाचा, चहा करते. वर्नर देत नाही, त्याची पीडीएफ फुकट मिळते आणि ना-नफा वाटायला झेरॉक्स काढायची परवानगी पुस्तकातच दिलेली आहे, तेव्हा जुलाबाचं आणि जखमांचं प्रकरण प्रिंट मारा, लॅमिनेट करा आणि फ्रीजच्या बाजूला लावून टाका.