एका गुंडीचा पीळ

आज मागावर जेमतेम वीतभर कापड उतरलं. सकाळी बसले, आडवा धागा नेणारा धोटा चारदा इकडून तिकडे गेला असेल-नसेल, तोच डाव्या काठाजवळ ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला. सांधला. मग त्याच्या शेजारचा गेला, मग आणखी एक. आधी वाटलं, शरदातली कोरडी हवा. लोकर कोरडी पडली की धाग्याचे केस उभे राहतात, शेजारच्या धाग्यांना चिकटतात आणि आडवे धागे ठोकणारी फणी पुढे-मागे करताना ओढ बसते. म्हणून मागाखाली ओलं फडकं पसरलं. तरी चौथा तुटलाच.

तेव्हा कुठे तुटलेलं टोक उजेडात धरलं. झटक्याने तुटलेल्या धाग्याचं टोक आखूड असतं. याला बोटभर मऊ शेपटी आली होती. तंतू एकमेकांवरून निसटले होते. पीळच कमी.

आणि मग आठवलं. हे धागे ज्या गुंडीतले, म्हणजे सुताच्या लडीतले, ती मी बाण्यासाठी, आडव्या धाग्यांसाठी, कातली होती. बाण्याला सैल सूत छान, कापड अंगाला मऊ लागतं. ताण्याला तसं चालत नाही, तो सतत ताणात असतो आणि फणीचं घासणंही सोसतो. चिठ्ठीही बांधली होती मी. पण ताणा लावला त्या दिवशी अंधार लवकर पडला, रंग सारखाच, आणि मी घाईत चिठ्ठी वाचली नाही. याचं फार वाईट वाटतंय.

सगळा ताणा कापून टाकायचा विचार मनात येऊन गेला. पण ६० सेंटिमीटर पन्ह्याला, सेंटिमीटरमागे ६ प्रमाणे, ३६० धागे आहेत. प्रत्येक ४ मीटरचा, म्हणजे १,४४० मीटर दुपदरी सूत. एकेरी मोजलं तर दुप्पट. माझा हात तासाला सव्वाशे मीटर कातणारा. तेवीस तासांची नुसती कताई आहे त्यात. नाही कापवत.

मोजले तर त्या गुंडीचे धागे २४ निघाले. तेवढेच बदलायचे. जुना काढायचा, नवा त्याच जागेवरून, धागा उचलणाऱ्या डोळ्यातून आणि फणीतून ओवायचा, पुढचं टोक कापडात टाचणी खोचून तिला गुंडाळायचं, मागचं वजन बांधून लोंबतं ठेवायचं. वेळखाऊ आहे, पण कापडात मागाहून ओळखूही येत नाही.

दिवस मागाचा, संध्याकाळ चरख्याची, असंच सध्या चाललंय. कातायला डोळ्यांपेक्षा बोटं लागतात. जेवणानंतर पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळ्या, घेऊन बसले. आज हात आवरून धरला, चरख्याच्या फिरत्या चातीवर पीळ पुरता चढल्याशिवाय सूत आत सोडलं नाही. दोन पदर एकत्र करताना चाक उलटं फिरवलं. मग हातभर तुकडा सैल सोडून पाहिला. स्वतःभोवती वळला नाही, सरळ लोंबत राहिला, म्हणजे पीळ जमला.

नवी गुंडी कोमट पाण्यातून काढून दांडीवर टाकलीय. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: ताणा.