डेंग्यूचा अर्ज पाणीपुरवठ्याच्या टेबलावर

महापालिकेच्या तक्रार अर्जात ‘संबंधित विभाग’ या शब्दांपुढे एकच चौकोन होता. ऑनलाइन भरा नाहीतर कागदावर, विभाग एकच निवडायचा. त्या चौकोनापायी आमच्या गल्लीचा अख्खा पावसाळा गेला. लिहितानाही डोकं तापलेलंच आहे, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

आमचं शहर मराठवाड्यातलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे तर कधी रात्री. त्यामुळे घरोघरी ड्रम, हौद, पिंपं. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि आमच्याकडच्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळायचा, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण पुढचं पाणी कधी येणार हे माहीत नसताना भरलेला ड्रम मोरीत ओतणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

ताप पसरला तशी हिवताप विभागाची माणसं आली. ड्रममध्ये बॅटरी मारून अळ्या शोधल्या, ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकलं, नोटिसा दिल्या, काहींना दंड केला. पुढच्या फेरीला निम्म्या घरांना कुलूप! दंडाच्या भीतीनं लोक ड्रम माळ्यावर नाहीतर मागच्या बोळात लपवायला लागले, म्हणजे औषध पडायचं तेही बंद. पाण्याचा भरवसा नाही म्हणून साठा, साठ्यात अळ्या, अळ्यांसाठी दंड, दंडापायी कुलूप आणि कुलपाआड आणखी अळ्या. एकेक गोष्ट सुटी न बघता सगळी साखळी बघायची, त्याला ‘सिस्टिम्स थिंकिंग’ की काय म्हणतात, ते शिकायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही.

मी हे सगळं एका कागदावर लिहून नेलं. आवक-जावकच्या बाईंनी पहिली ओळ वाचली. “डेंग्यू ना? मग हिवतापला द्या.” हिवतापवाले साहेब तसे भले. “काका, पटतंय हो, पण व्हॉल्व्ह माझ्या हातात आहे का?” म्हणाले आणि अर्ज पाणीपुरवठ्याकडे पाठवला. तिथे शेरा पडला: ‘विषय आरोग्याचा, परत.’ ऑनलाइन केलं तर दुसऱ्या दिवशी मेसेज: तक्रार निकाली. उघडून बघितलं, तर धूर फवारणी केल्याची नोंद. धुरानं उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्यांना त्याचं काहीच नाही. पण चौकोन भरला, फाइल बंद.

मग परत तेच. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, साहेबांची बदली. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, मधे फक्त पाण्याचा कूलर (तोही बंद). दोघांना एकत्र बसवा म्हटलं, तर एक कारकून म्हणाला, “तसा फॉर्मच नाही.” त्याचं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला.

सुटलं ते अर्जातून डेंग्यू हा शब्द काढल्यावर. आमच्या भागातल्या व्हॉल्व्ह उघडण्याच्या नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागितली. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. वहीतल्या तारखा-वेळा आणि गल्लीतल्या नोटिसांच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. पाणी ठरल्या दिवसापेक्षा लांबलं की पुढच्या पाहणीत अळ्या सापडलेली घरं वाढलेली. नव्या अर्जात मागणी एकच: पाणी वाढवू नका, फक्त वेळ ठरवा आणि बदलली तर कळवा. विभाग: पाणीपुरवठा. तक्ता सोबत जोडला. पाणी वाढवून मागितलं असतं तर ‘नवीन योजना झाल्यावर बघू’ हेच ऐकायला मिळालं असतं.

उपअभियंत्यांनी तक्ता दोनदा बघितला आणि व्हॉल्व्हमनला फोन लावला. आता पाणी सोडायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर वेळ येते. चुकते कधीकधी, पण येते. शेजारच्या काकूंनी दोन ड्रम भंगारात दिले, ही मला कुठल्याही शेऱ्यापेक्षा मोठी पोच वाटली. डेंग्यू त्यामुळेच गेला असं मात्र म्हणणार नाही. थंडीत तो तसाही ओसरतो.

हो, पोचीवरून आठवलं: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घरोघरची माहिती गोळा करताना आशाताईंना सोबत घ्या. त्यांना बघून लोक दार उघडतात, नोटीसवाल्याला उघडत नाहीत. आणि ड्रम रिकामा केला की आतून काथ्यानं खसाखसा घासा. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि ड्रम पुन्हा भरला की फुटतात. दंडाच्या पावतीवर हे कुठे छापलेलं नसतं.