तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्मवाले भेटतात तरी कुठे?

फोटो काढायला मी अजून फिल्मचा रोल वापरते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजून मिळतात?" दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो, "आणि तुमच्यासारखी माणसं तुम्हाला भेटतात तरी कुठे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळतात, महाग मिळतात. दुसऱ्याचं सांगायला वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

वाटेत भेटतात. फोटोच्या प्रदर्शनाला जाताना हमखास भेटतात. प्रत्यक्ष प्रदर्शनात मात्र गर्दीत दिसेनासे होतात.

माझं उदाहरण २०१८ च्या फोटोकिनाचं. जर्मनीत कोलोनला १९५० पासून भरत आलेली फोटोधंद्याची ही मोठी जत्रा. फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोनला जायच्या दोन वाटा आहेत. एक वेगवान गाडीची, ताशी ३०० किलोमीटरने, तासाभरात पोचवणारी, पण बराच भाग बोगद्यांतून. दुसरी जुनी, माइन्झ आणि कोब्लेन्झवरून ऱ्हाइनच्या काठाकाठाने. वेळ दुपटीहून जास्त, पण खिडकीत द्राक्षांचे मळे, डोंगरावरचे किल्ले आणि नदीतून संथ जाणारी मालाची गलबतं. ज्यांना कामं असतात ते पहिल्या वाटेने जातात. फिल्मवाले दुसरीने. हा नियम मी केलेला नाही, पण तो खोटा ठरल्याचंही अजून पाहिलेलं नाही.

समोरच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ. मांडीवर निकॉन एफएम टू. या कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी चौकट असते. रोल भरला की त्याच्या खोक्याचं झाकण फाडून तिथे खोचायचं, म्हणजे आत काय आहे ते महिन्याभरानंतरही कळतं. आजोबांच्या चौकटीत एचपी फाइव्ह या काळ्या-पांढऱ्या रोलचं झाकण होतं. माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर ट्राय-एक्सचं, तोही काळा-पांढराच. त्यांनी ते पाहिलं आणि नमस्कार-चमत्कार न करता मोडक्यातोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, "आत खरंच तेच आहे, की मागच्या वेळचं झाकण तसंच राहिलंय?"

असला प्रश्न फक्त आमच्यातला माणूस विचारतो. डिजिटलवाले कॅमेरा कोणता ते विचारतात, आम्ही आत काय आहे ते विचारतो. पुढची चौकशीही ठरलेली: कुठला लॅबवाला रोलवर ओरखडे पाडत नाही, घरी धुता का, फ्रीजमध्ये जुना साठा किती आहे आणि त्यावरून घरचे किती बोलतात. डिजिटलवाल्याचं दुसऱ्या माणसावाचून काही अडत नाही. आमचं पदोपदी अडतं, म्हणून आम्ही अनोळखी माणसाशी इतक्या लवकर बोलायला लागतो. बाकी गूढ वगैरे काही नाही.

आजोबा लेव्हरकुसनचे निघाले. लेव्हरकुसन म्हणजे कोलोनच्या शेजारचं गाव, आग्फा या फोटोकंपनीच्या रोलचं माहेर. ते तिथे फिल्मवर इमल्शनचा, म्हणजे उजेड टिपणारा थर चढवायच्या विभागात होते. ते काम अंधारात चालतं, कारण उजेड लागला की माल वाया. शेजारी काम करणाऱ्या माणसाला चेहऱ्याआधी आपण खोकण्यावरून ओळखायचो, असं ते म्हणाले. फोटोचा धंदा २००४ मध्ये मूळ कंपनीपासून वेगळा काढला गेला आणि २००५ मध्ये त्या नव्या कंपनीचं दिवाळं वाजलं. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात जड झाला नाही. मलाच वाईट वाटत होतं.

कोब्लेन्झच्या आधी त्यांचा रोल संपला. मी मुकाट्याने बघत राहिले, कारण दुसऱ्याला रोल बदलताना पाहायला मिळणं आता दुर्मीळ आहे. खालचं बटण दाबून त्यांनी रोल परत गुंडाळायची चावी फिरवायला घेतली. फिरवता फिरवता एका क्षणी ती हलकी झाली, म्हणजे फिल्म पलीकडच्या रिळावरून सुटली. मग पाठ उघडली, नव्या रोलची जीभ खाचेत अडकवली, पाठ लावली आणि खटका ओढताना डोळे मात्र डावीकडच्या चावीवर. खटक्याबरोबर चावी आपोआप फिरली तर रोल पुढे सरकतोय. नाही फिरली, तर ३६ फोटो नुसते हवेत. एवढं काम करूनही फोनसारखं लुकलुकणारं काहीच नाही, हे बघून पलीकडच्या बाकावरची लहान मुलगी कंटाळून खिडकीकडे वळली.

बॉनला एक मुलगा चढला आणि आमच्या शेजारी बसला. मेजावर माझी रोलची पारदर्शक पिशवी पडली होती. (विमानात रोल नेहमी हातातल्या सामानात ठेवावेत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगांची क्ष-किरण तपासणी तीव्र असते, त्याने फिल्मवर धुकं चढतं.) धुवायचे राहिलेले दोन-तीन रोलही त्यातच होते, मार्करने नावं घातलेले. मुलाने त्यातलं एक मोठ्याने वाचलं.

"'सिंहगड, पाऊस'? काकू, तुम्ही पुण्याच्या?"

हा सांगलीचा, बॉनला शिकायला आलेला. निघाला होता फोटोकिनालाच. त्याने सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली, तर आग्फाचा जुना कॅमेरा, क्लिक थ्री! माझ्या आजोबांचा, म्हणाला, अजून चालतो. त्याला लागणारा १२० नंबरचा रोल आजही निघत असल्यामुळे तो चालतोही. चौकोनी बारा फोटो, पाठीला लाल खिडकी, तिच्यातून आकडा बघून रोल पुढे सरकवायचा.

लेव्हरकुसनच्या आजोबांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि 'मेड इन इंडिया' वाचून भुवया उंचावल्या. क्लिक वन आणि टू त्यांना माहीत होते, थ्री कधी पाहिला नव्हता. मग मी सांगितलं, आमच्याकडे मुंजी, बारशी, महाबळेश्वरची सहल, सगळं याच डबीतून निघालेलं आहे, आणि दिवाळीत भरलेला रोल उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा असे. उटीला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सबद्दलही सांगितलं. तिचा 'इंदू' रोल मिळायचा, तो कारखानाही आता बंद. आजोबांनी मान डोलावली आणि क्लिक थ्री परत देताना मुलाला बजावलं, "कॅमेरे म्युनिकला व्हायचे. आम्ही लेव्हरकुसनवाले फक्त रोलवाले."

प्रदर्शनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दालनं प्रचंड, गर्दी नव्या मिररलेस कॅमेऱ्यांभोवती. आमच्या उपयोगाची एकच बातमी होती: २०१२ मध्ये बंद झालेली कोडॅकची एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म त्याच आठवड्यात पुन्हा बाजारात आली. संध्याकाळी जुन्या गावातल्या बिअरच्या खाणावळीत मात्र आमचं टेबल वाढत गेलं, कारण टेबलावरचे कॅमेरे पाहून आणखी दोघं-तिघं खुर्च्या ओढत आले. कोलोनला बिअर इवल्याशा ग्लासांतून देतात, आणि ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवेपर्यंत वाढपी नवा आणतच राहतो. बोलण्याच्या भरात चकती ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

फोटोकिना त्यानंतर भरलंच नाही. २०२० चं कोविडमुळे रद्द झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बेमुदत बंद केल्याचं जाहीर झालं. त्यामुळे आता कोलोनला जा असं मी कुणाला सांगू शकत नाही. पण कुठेही जाताना गळ्यात रोलचा कॅमेरा असू द्या, आणि लांबची गाडी पकडा.

सांगलीच्या मुलाने तो रोल खोलीवरच्या न्हाणीघरात धुतला. लेव्हरकुसनच्या आजोबांचा आग्रह होता, म्हणून रोडिनालमध्ये. हे आग्फाचं १८९१ पासूनचं फिल्म धुवायचं रसायन, दुसरं चालणार नाही असं त्यांनी ठणकावलं होतं. फोटो त्याने आम्हा दोघांनाही पाठवले. सोबत तक्रारही होती, की कडांना सगळं धूसर आलंय. आजोबांचं उत्तर एका ओळीचं होतं: काळे-पांढरे झकास आहेत, भिंगाचं म्युनिकला विचार.