पिकअपचा रेडिएटर गेला, आता बिलाचं बघू

चढावर लोड घेऊन जाताना टेम्परेचरचा काटा सरसर वर गेला, लगेच साईडला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर वरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते नेमकं तिथूनच हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय. हल्लीचे बहुतेक रेडिएटर असेच, गरम-थंड होऊन होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं आणि जोडावर तडा जातो. जुन्या पितळ-तांब्याच्या रेडिएटरला डाग देऊन (सोल्डर करून) काम भागायचं, इथे चिकटवाचिकटवी फार टिकत नाही कारण आत साधारण १ बार प्रेशर असतं. त्या प्रेशरमुळेच कूलंट १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, म्हणून गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, तोंडावर उसळतं!

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नवाच टाका." टाकला. पण बिल काय एकट्या रेडिएटरचं नसतं, सगळं खोललंच आहे तर होज (रबरी पाईप), क्लॅम्प, थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह), कूलंट पण आलंच, मजुरी वेगळी. थर्मोस्टॅट बदलणं मला पटलं, पार्ट स्वस्त आणि तो अडकला तर पुन्हा हीच रड. वॉटर पंपाला मात्र नाही म्हटलं, गळती नाही की आवाज नाही, उगाच कशाला? आणि त्या दिवशी तापलेला पिकअप तसाच रेटला असता तर इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकून त्याखालचं गॅस्केट (सील) गेलं असतं, मग इंजिनच खोला.