तुम्ही विचारलंत म्हणून: सोमनाथ होर तेच तेच का करत राहिले?

चवथीच्या गणपतीची मूर्ती सांगून पाट द्यायला माणसं आमच्या गोव्यातल्या माशेलच्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिशाळेत येतात, तेव्हा भिंतीवरच्या एका छापील चित्राकडे त्यांची नजर जाते. बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्या ब्राँझ शिल्पाचा तो फोटो आहे, बसलेला आणि बरगड्या उघड्या पडलेला माणूस. हे होर कोण, ते मी सांगतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण बाब, लढाई संपली, दुष्काळ संपला. तरी हा माणूस जन्मभर तेच का करत बसला?"

दुसरं महायुद्ध म्हटलं की गोव्यात मुरगाव बंदरातल्या जर्मन बोटींची गोष्ट निघते. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून त्या इथं आश्रयाला होत्या. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या हौशी घोडदळातल्या लोकांनी समुद्रातून येऊन एरेनफेल्स या बोटीवर छापा घातला आणि बोटींना जलसमाधी मिळाली. थरारक गोष्ट आहे, आवडीने सांगतात. पण त्याच साली त्याच कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं पेजेसाठी हात पसरून मरत होती, तीही त्याच युद्धामुळे. ब्रह्मदेश जपानने घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदूळ ताब्यात घेतला. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळाने झोडपलं. भाव गगनाला भिडले. बंगालच्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली असा अंदाज सांगतात.

होर यांचा जन्म १९२१ चा, आज बांगलादेशात असलेल्या चितगाव जिल्ह्यातला. ते एकवीस वर्षांचे असताना जवळच्या पटिया गावावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. तिथले मेलेले आणि जखमी त्यांनी पाहिले आणि काढले. पुढच्या वर्षी दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद भेटले. त्यांनी या पोराला सोबत घेऊन भुकेलेली माणसं समोर बसून कशी काढायची ते दाखवलं. होर यांची ती रेखाटनं कम्युनिस्ट पक्षाच्या 'जनयुद्ध' पत्रात छापून आली. कलेचं रीतसर शिक्षण त्यानंतरचं, कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत. तिथं शिकवायला झैनुल आबेदिन होते, ज्यांनी स्वतः दुष्काळ काळ्या शाईत काढला होता. १९४६ च्या डिसेंबरात होर रंगपूरला गेले. पिकाचे तीनातले दोन वाटे कुळाला मिळावेत म्हणून तिथं तेभागा आंदोलन चालू होतं. तिथली डायरी आणि रेखाटनं आजही वाचावीत, पाहावीत अशी आहेत. कुळकायद्याच्या आधीचा गोवा ज्यांनी भोगलाय त्यांना तर ती लगेच कळतील.

इथपर्यंत ते जे पाहत होते ते काढत होते. मला त्यांची थोरवी दिसते ती यापुढे. दिल्लीच्या कलाशाळेत काही वर्षं ग्राफिक, म्हणजे छापचित्रांचा विभाग सांभाळून ते शांतिनिकेतनच्या कलाशाळेत, कलाभवनात आले. १९७० च्या सुमारास नक्षलवादी चळवळीच्या काळात बंगाल पुन्हा रक्ताने भिजला होता. तेव्हा त्यांनी 'जखमा' ही मालिका केली, आणि तिच्यात माणूसच नाही. नुसता पांढरा कागद.

साच्याचं काम करणाऱ्याला यातली करामत चटकन कळते. मातीचा सपाट थर घ्यायचा, तो सुरीने चिरायचा, टोचायचा. त्यावर सिमेंट ओतून साचा काढायचा. मातीत जिथं खाच, तिथं सिमेंटात उंचवटा येतो. मग त्या साच्यावर कागदाचा ओला लगदा दाबून वाळू द्यायचा. सोडवला की खाच पुन्हा कागदात उतरते, फाटलेल्या कडांसकट. शाई जवळजवळ नाहीच. दिसतं ते फक्त सावलीमुळे दिसतं. आम्ही मूर्ती साच्यातून काढली की सांध्यावरून ओला हात फिरवतो, रेघ राहू देत नाही. या माणसाने ती रेघ राखण्यासाठीच सगळी खटपट केली. झाडावरचा ओरखडा, ट्रकच्या चाकाने उखडलेला रस्ता, विनाकारण भोसकलेला माणूस, हे सगळं आपल्याला जखमच वाटू लागलं, असं त्यांनी म्हटलं आहे.

शिल्पाकडे ते वळले तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. इतक्या उशिरा नवं माध्यम धरायला छाती लागते. मातीवर माती चढवत आकार भरण्याची आमची रीत त्यांनी घेतली नाही. मेणाचे पातळ पत्रे करायचे, ते कापायचे, दुमडायचे, तापवून जोडायचे, आणि त्यावरून ब्राँझ ओतून घ्यायचं. त्यामुळे ती माणसं आतून पोकळ असतात. कातडी आहे, आत काही उरलेलं नाही. उपासमारीने शरीराचं जे होतं तेच मेणाचं केलं होतं, म्हणून कुठं रडका चेहरा घालावा लागला नाही.

व्हिएतनामच्या लोकांसाठी त्यांनी आई आणि मुलाचं मोठं ब्राँझ केलं. १९७७ मध्ये ते पूर्ण झालं आणि लगेच कलाभवनातून चोरीला गेलं. ते परत मिळालं नाही. हे सांगताना मला अजून राग येतो. त्यांनी काम मात्र थांबवलं नाही. नंतरही कितीतरी लहान ब्राँझ केली: माणसं, आया, कुत्री, बकऱ्या. २००६ मध्ये ते गेले, पद्मभूषण त्यानंतर जाहीर झालं.

तेव्हा "तेच तेच" हे मला पटत नाही. बॉम्ब, दुष्काळ, तेभागा, फाळणी, सत्तरचा बंगाल, व्हिएतनाम, हे त्यांच्या आयुष्यात एकामागून एक येतच राहिलं, ते त्यांनी निवडलेलं नव्हतं. निवडली ती पद्धत, आणि ती दर वेळी बदलली: आधी शाईची रेघ, मग लाकूड आणि धातूवरचं कोरणं, मग कागदाचा लगदा, मग मेण. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तुमच्या हातात मी मेणाचा पत्रा देईन, वाकवून बघा. आणि दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चौकशी करा, त्यांची कामं तिथल्या संग्रहात आहेत. ब्राँझ दिसलं तर चारी बाजूंनी फिरून पाहा, कारण ती पोकळी फोटोत कळत नाही.