‘फेगातो’चा पाठपुरावा : माझा अनुभव

‘इटालियनमध्ये फेगातो म्हणजे यकृत. अंजिरावरून आलाय शब्द.’ कुणालाही विचारा, एवढंच सांगतात आणि विषय मिटल्यासारखा चेहरा करतात. माझा विषय तिथून सुरू झाला.

अर्थ इटलीतल्या पादोव्हा शहरातल्या खाटकाच्या काचेआडच कळला. कलेजी कुठेही ओळखू येते. अंजिराचंही कोडं नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेल्या रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय, की डुकरिणींना सुकी अंजिरं चारून त्यांचं यकृत पोसत, आणि ही शक्कल आपिकियुस नावाच्या रोमन खवय्याची. यकृत म्हणजे लॅटिनमध्ये ‘येकुर’, अंजिरावर पोसलेलं ते ‘येकुर फिकातुम’. पुढे ‘येकुर’ गळून पडलं, नुसतं विशेषण उरलं, आणि माणसाचं यकृतही अंजीरवालं झालं.

घोडं अडलं ते उच्चारातल्या जोरावर, म्हणजे कुठलं अक्षर ठासून म्हणायचं त्यावर. ‘फिकातुम’मध्ये जोर ‘का’वर. मग ‘फेगातो’त तो ‘गा’वर हवा. पण इथे सगळे ‘फे’वर देतात! वर्गातल्या बाईंना विचारलं. ‘असंच आहे, पाठ करा.’ पुन्हा विचारलं तर त्यांनी पुढचा धडा काढला. इंटरनेटवर शोधावं तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उचललेलं. अंजीर सगळीकडे, जोराबद्दल अवाक्षर नाही. ‘रोदेर्सी इल फेगातो’, म्हणजे आपलंच यकृत कुरतडत आतल्या आत चडफडणं, हा वाक्प्रचार मला त्या दिवसांत वेगळा शिकावा लागला नाही.

सुटका झाली ती खानावळीच्या मेनूकार्डावर. व्हेनिसकडे कांद्यात परतलेली कलेजी प्रसिद्ध आहे, आणि स्थानिक बोलीत तिला ‘फिगा’ म्हणतात, जोर शेवटी. (मागताना तो जोर सांभाळा. पहिल्या अक्षरावर गेला तर फार अश्लील शब्द होतो.) म्हणजे जुना जोर इथे शाबूत होता! रुमानियन ‘फिकात’मध्येही तो शेवटीच. स्पॅनिश ‘ईगादो’ आणि पोर्तुगीज ‘फीगादु’ मात्र इटालियनसारखे, सुरुवातीलाच जोर देणारे. एवढं हाताशी आल्यावर जाडजूड व्युत्पत्तिकोश उघडला, तेव्हा उत्तर पटलं. ‘फिकातुम’ हीच मुळी ग्रीक ‘सिकोतोन’ची नक्कल. ‘सिको’ म्हणजे अंजीर, आणि ग्रीक लोक आजही यकृताला ‘सिकोती’ म्हणतात. लॅटिन शब्दातला जोर सुरुवातीच्या अक्षरावर सरकला, त्यामागे अभ्यासक या ग्रीक शब्दाचाच प्रभाव मानतात.

बाईंना मोठ्या ऐटीत हे सांगितलं. ‘परीक्षेत येणार नाही,’ म्हणाल्या.

कोशात मूळ शब्दावर छोटी तिरकी रेघ असते, तोच जोर. वर्तमानपत्रात ती सहसा छापत नाहीत, म्हणून नवा शब्द आधी कोशात बघा. ‘आवेरे फेगातो’ म्हणजे धाडस असणं. आपल्याला वाघाचं काळीज माहीत असल्याने हे लगेच लक्षात राहतं.

आणि ‘येकुर’ नुसतं वाचून पुढे जाऊ नका. ते आणि आपलं ‘यकृत’ एकाच मुळाचे. रोमनांच्या वारसांनी तो शब्द टाकून दिला, आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडी अजून चालू आहे.