पाणथळ वाचते ती पहिल्या रेघेत

अमेरिकेतल्या मिनेसोटात रस्ता आखायचा म्हणजे पावलोपावली पाणी. हिमनद्यांनी ही जमीन अशी करून ठेवली आहे की दोन शेतं गेली की दलदल, पुढे तळं, मग पुन्हा दलदल. मी मूळची सांगलीची, इथे रस्त्यांची आखणी करते. परवान्याचा अर्ज भरायला आपण बसतो तोवर पाणथळ वाचवायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते, हे मला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

१९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०४ खाली, पाणथळीत भराव टाकायचा तर लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना लागतो. आधी टाळा, मग कमी करा, उरेल त्याची भरपाई करा, हा त्याचा क्रम. बोटींचा धक्का पाण्याकाठीच बांधावा लागतो, रस्त्याचं तसं नाही. त्यामुळे पाणथळीबाहेरून पर्याय आहे असंच नियम धरून चालतो. तो नाही, हे सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर. मला हे अगदी योग्य वाटतं.

म्हणून आधी पाणथळीची सीमा, मग रस्त्याची रेघ. झाडं, माती आणि पाणी तिन्ही पाहून जाणकार झेंडे रोवतात. राखाडी मातीत मुळांच्या वाटेने गंजासारखे डाग दिसले, की तिथे पाणी बराच काळ साठून राहतं हे कळतं. हे बर्फाखाली नीट होत नाही. उन्हाळा हुकला तर आराखडा अंदाजावर पुढे सरकतो.

सध्याच्या रुंदीकरणात पहिला नकाशा दोन्ही अंगांना सारखा वाढवलेला होता. एका अंगाला लव्हाळ्याचं पाणथळ कुरण, दुसरीकडे मक्याचं शेत. सगळी रुंदी आम्ही शेताकडे सरकवली. त्या शेतकऱ्याला ते आवडलं नाही, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. जमीन त्याची जाते आहे.

पुढे दोन्हीकडे पाणथळच. तिथे उताराचा हिशेब. सहा फूट उंच भरावाला एकास चारचा उतार दिला तर तो चोवीस फूट पसरतो, एकास दोनचा दिला तर बारा. हजार फूट लांबीत एका बाजूला बारा हजार चौरस फूट, म्हणजे अकरा गुंठे वाचतात! त्यातले थोडे, उभ्या उताराला लागणाऱ्या लोखंडी कठड्याच्या जागेसाठी परत जातात, आणि बर्फ ढकलणाऱ्या मंडळींना कठडा नको असतो. तरी मी कठड्याच्याच बाजूने बोलते. पाणथळीत गटार खणायचं नाही, ते तिला कोरडी करतं. भरावाखालून पाइप टाकायचे, म्हणजे दोन्हीकडची पातळी सारखी राहते.

काम शक्य तितकं गोठलेल्या जमिनीवर, नाहीतर लाकडी फळ्या अंथरून. यंत्रं आधी धुवायची, नाहीतर चाकांबरोबर परक्या गवताचं बी येतं.

भरपाईचे क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे तयार केलेल्या पाणथळीतला वाटा, विकत मिळतात. पण वितळत्या बर्फाचं पाणी या गावाच्या तळघरांत शिरण्याआधी हे कुरण धरून ठेवतं. दुसरीकडे तयार केलेली पाणथळ ते करणार नाही.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात केंद्राचं अधिकारक्षेत्र आकुंचित केलं. वाहत्या पाण्याशी जमिनीवरून सलग न जोडलेल्या कितीतरी जागा त्यातून सुटल्या. मिनेसोटाचा १९९१ चा पाणथळ संवर्धन कायदा मात्र शाबूत आहे. आमचं कुरण उद्या केंद्राच्या कक्षेबाहेर ठरलं, तरी त्याला भराव घालण्याआधी याच राज्याच्या कायद्यापुढे उत्तर द्यावं लागेल.